हॉस्पिटलमधल्या फॉलो-अप व्हिजिटचा कोड: ९९२३१, ९९२३२ की ९९२३३? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नवी मुंबई, नागपूरच्या सेंटर्समध्ये बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांचे चार्ट कोड करणारी, म्हणजे नोंदींवरून बिलाचे कोड ठरवणारी मंडळी, सीपीसीच्या (मेडिकल कोडिंगच्या सर्टिफिकेट परीक्षेच्या) तयारीला लागलेले बीफार्म-बीएचएमएसवाले आणि ओपीडीच्या चार्टवरून नुकतेच इनपेशंटवर हलवलेले कोडर हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आहेत. त्यानंतर काही बदललं असेल, तर त्या उत्तरात तसं सांगितलंय. एक कळकळीची विनंती: प्रश्न पाठवताना चार्टचा स्क्रीनशॉट जोडू नका. नाव झाकलं तरी पेशंटची माहिती ती पेशंटचीच असते. प्रसंग शब्दांत लिहा, तेवढं पुरतं.

१. ॲडमिट पेशंटला डॉक्टर रोज बघतात, त्या व्हिजिटचे कोड नेमके कोणते?

तीनच: ९९२३१, ९९२३२ आणि ९९२३३. पहिल्या व्हिजिटला ९९२२१ ते ९९२२३ आणि डिस्चार्जच्या दिवशी ९९२३८ किंवा ९९२३९. मधल्या सगळ्या दिवसांना हे तीन. हे डॉक्टरांच्या फीचे कोड आहेत. बेड, नर्सिंग, औषधं यांचं हॉस्पिटलचं बिल पूर्ण वेगळं जातं.

तिन्हींत फरक दोनच गोष्टींनी पडतो, डॉक्टरांनी त्या दिवशी केलेला वैद्यकीय निर्णय किंवा त्या दिवशी दिलेला एकूण वेळ. यातलं जे डॉक्टरांच्या बाजूचं असेल ते घ्यायचं. हिस्टरी आणि तपासणी गरजेपुरती हवीच, पण तिचे मुद्दे मोजून लेव्हल काढायची पद्धत २०२३ पासून हॉस्पिटल व्हिजिटलाही बंद झाली. १९९५ आणि १९९७ च्या गाइडलाइन्सचे तक्ते अजून कुणी हातात देत असेल, तर बाजूला ठेवा.

२. डिस्चार्जनंतर पेशंट क्लिनिकमध्ये दाखवायला आला, तर तेही हॉस्पिटल फॉलो-अपच ना?

नाही. पेशंट घरी गेला की ऑफिस व्हिजिटचे कोड लागतात, जुन्या पेशंटला ९९२१२ ते ९९२१५. डिस्चार्जनंतर कामाच्या दोन दिवसांत पेशंटशी संपर्क झाला असेल आणि व्हिजिट ठरलेल्या मुदतीत झाली असेल, तर ९९४९५ (१४ दिवसांत, किमान मॉडरेट निर्णय) किंवा ९९४९६ (७ दिवसांत, हाय निर्णय) बघा. स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत हलवलेल्या पेशंटच्या तिथल्या फॉलो-अप व्हिजिटला ९९३०७ ते ९९३१० लागतात.

३. हे डॉक्टर पेशंटला आज पहिल्यांदाच बघतायत. मग इनिशियल कोड का नाही?

कारण 'पहिल्यांदा' हे एका डॉक्टरपुरतं मोजत नाहीत. त्याच ग्रुपमधल्या, त्याच स्पेशालिटीच्या आणि सब-स्पेशालिटीच्या कुणीही याच स्टेमध्ये पेशंटला पाहिलं असेल, तर आजची व्हिजिट फॉलो-अपच. सोमवारी एका हॉस्पिटलिस्टने (ॲडमिट पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने) ॲडमिट केलं, गुरुवारी शिफ्ट बदलून त्याच ग्रुपमधला दुसरा आला. त्याने पेशंटचं तोंडही पूर्वी पाहिलेलं नसेल, तरी ९९२३१ ते ९९२३३. डॉक्टर दुसऱ्याच्या बदली ड्यूटीवर असतील, तर मूळ डॉक्टरांना जो कोड लागला असता तोच लावायचा.

वेगळ्या स्पेशालिटीचा कन्सल्टंट पहिल्यांदा आला, तर त्याची ती इनिशियल व्हिजिट. कन्सल्टेशनचे कोड मानणाऱ्या पेयरला (बिलाचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीला) ९९२५२ ते ९९२५५. मेडिकेअरने (अमेरिकेच्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) २०१० पासून कन्सल्टेशन कोडचे पैसे देणं थांबवलं, म्हणून तिथे कन्सल्टंटलाही ९९२२१ ते ९९२२३. मग ॲडमिट करणारा कोण हे कळावं यासाठी मुख्य डॉक्टरांच्या इनिशियल कोडला 'एआय' मॉडिफायर (कोडमागे जोडायची दोन अक्षरांची किंवा आकड्यांची खूण) लागतो. कन्सल्टंटला तो लावू नका. कन्सल्टंटची दुसऱ्या दिवसापासूनची व्हिजिट मात्र सगळ्यांसारखीच फॉलो-अप.

४. वैद्यकीय निर्णयावरून लेव्हल काढायची कशी? एखादं उदाहरण द्या ना.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

तीन खांब आहेत: प्रॉब्लेम (आजार किती आणि किती गंभीर), डेटा (मागवलेल्या-पाहिलेल्या टेस्ट आणि माहिती) आणि रिस्क (उपचाराच्या निर्णयातला धोका). तिन्हींतले कोणतेही दोन ज्या पातळीला पोहोचतात किंवा ओलांडतात, ती लेव्हल. स्ट्रेटफॉरवर्ड किंवा लो असेल तर ९९२३१, मॉडरेट असेल तर ९९२३२, हाय असेल तर ९९२३३.

समजा, बहात्तर वर्षांचे गृहस्थ जुनं हार्ट फेल्युअर एकदम बळावून दाखल झाले आहेत.

दुसरा दिवस. नोट म्हणते: दम कमी नाही, चार लिटर ऑक्सिजन चालू, आयव्ही फ्युरोसेमाइड ४० वरून ८० मिलिग्रॅम केलं. रोजच्या ऑर्डरमधला बेसिक मेटाबोलिक पॅनलचा आजचा रिझल्ट पाहिला, मॅग्नेशियम आणि छातीचा एक्स-रे नव्याने मागवला. प्रॉब्लेम हाय धरता येतो, जुना आजार गंभीरपणे बळावलाय. डेटात तीन वेगळ्या टेस्ट झाल्या, म्हणजे मॉडरेट. रिस्क औषध बदलल्याची, तीही मॉडरेट. हाय एकाच खांबाला मिळालं, म्हणून कोड ९९२३२. नवे कोडर इथेच अडकतात. पेशंट खूप आजारी दिसतो आणि हात आपोआप ९९२३३ कडे जातो. एकटा प्रॉब्लेम लेव्हल वर ओढू शकत नाही.

तिसरा दिवस. रात्री ऑक्सिजनची गरज वाढली, डॉक्टरांनी तपासून आयसीयूत हलवायचं ठरवलं. हॉस्पिटलमधल्या उपचारांची पातळी वाढवण्याचा निर्णय हा हाय रिस्कमध्ये नावानिशी दिलेला आहे. प्रॉब्लेम हाय, रिस्क हाय, कोड ९९२३३. (डॉक्टरांनी क्रिटिकल केअर दिली असेल तर प्रश्न १३ पाहा.)

सहावा दिवस. ऑक्सिजन निघाला, सूज उतरली, तोंडाने टॉर्सेमाइड चालू, नर्सिंग फॅसिलिटीत बेड मिळायची वाट बघतायत. एकच स्थिर जुना आजार, म्हणजे लो. एकच टेस्ट, म्हणजे डेटा मिनिमल. औषधाची रिस्क मॉडरेट. दोन खांब जुळतात ते लोवर, कोड ९९२३१.

पेशंट तोच, निदान तेच, आणि तीन दिवसांचे तीन कोड. लेव्हल त्या दिवशीच्या निर्णयाची असते, पेशंटच्या आजाराच्या नावाची नसते. पुढची बहुतेक उत्तरं या एका वाक्याचाच विस्तार आहेत.

५. असेसमेंटमध्ये नऊ निदानं लिहिलीत. सगळी मोजायची का?

डॉक्टरांनी आज ज्यांची दखल घेऊन काही विचार केला किंवा उपचार ठरवला, तेवढीच. 'सीकेडी, नेफ्रोलॉजी बघतंय' (किडनीचा जुना आजार, किडनीतज्ज्ञ बघतायत) एवढंच लिहिलं असेल आणि पुढे स्वतःचं काहीच नसेल, तर तो प्रॉब्लेम मोजता येत नाही. पण 'सीकेडी स्टेज ३, क्रिएटिनिन १.६ वरच, म्हणून डाययुरेटिकचा डोस हाच ठेवतो, इबुप्रोफेन टाळा' असं असेल, तर तो नक्की मोजायचा, औषध न बदलतासुद्धा. विचार करून काही न बदलणं हाही निर्णयच.

वरच्या उदाहरणात सहाव्या दिवशी हार्ट फेल्युअरसोबत सीकेडीचीही अशी दखल असती, तर दोन स्थिर जुने आजार म्हणून प्रॉब्लेम मॉडरेट झाला असता, आणि औषधाच्या रिस्कबरोबर ९९२३२ बसला असता. एका ओळीने कोड बदलतो, म्हणून नोट शेवटपर्यंत वाचा.

आणखी एक बारकावा: 'स्टेबल' म्हणजे उपचाराचं उद्दिष्ट गाठलेला. बीपी तीन दिवस १७० वरच अडकून आहे आणि उद्दिष्ट १३० आहे, तर आकडा हलत नसला तरी तो आजार स्थिर धरत नाहीत.

६. पेशंट आयसीयूत आहे. म्हणजे ९९२३३ पक्का?

नाही. बेड कुठे आहे यावरून लेव्हल ठरत नाही. व्हेंटिलेटरवरून उतरलेला, उद्या वॉर्डात जाणारा पेशंट आयसीयूत असूनही ९९२३२ चा असू शकतो. उलट, साध्या वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलून, आजाराचं भवितव्य चांगलं नाही म्हणून पुढचे उपचार आटोपते घ्यायचं ठरलं, तर ती रिस्क हाय असते.

७. लॅब कशा मोजायच्या? काल मागवली, आज रिपोर्ट बघितला, तर दोनदा?

एकदाच. मागवण्यातच रिझल्ट बघणं धरलेलं आहे. काल मागवलेली टेस्ट कालच्या व्हिजिटमध्ये मोजली की आज त्याच ग्रुपच्या त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरांना तिचा पॉइंट नाही. अपवाद रोज आपोआप होणाऱ्या टेस्टच्या ऑर्डरचा: तिथे प्रत्येक नवा रिझल्ट ज्या दिवशी तपासला त्या दिवशी मोजता येतो.

वेगळी टेस्ट म्हणजे वेगळा सीपीटी कोड (सीपीटी ही वैद्यकीय सेवांच्या कोडची अमेरिकी यादी, हे सगळे ९९ चे कोडही तिच्यातलेच). मेटाबोलिक पॅनलमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन असलं तरी टेस्ट एकच. सीबीसी दिवसात तीनदा झाला तरी एकच.

एक्स-रे किंवा ईसीजी डॉक्टरांनी स्वतः पाहून आपलं वाचन लिहिलं, तर ते डेटाच्या दुसऱ्या प्रकारात जातं आणि एवढ्यावर डेटा मॉडरेट होतो. मात्र त्याच ईसीजीच्या रिपोर्टचं बिल त्यांनीच लावलं असेल, तर इथे मोजायचं नाही. 'एक्स-रेचा रिपोर्ट पाहिला' आणि 'एक्स-रे मी स्वतः पाहिला, उजव्या तळाशी सावली वाढलीय' या दोन वाक्यांत कोडरसाठी मोठा फरक आहे.

८. पेशंटला इंग्रजी येत नाही, मुलाने सगळं सांगितलं. इंडिपेंडंट हिस्टोरियन (पेशंटऐवजी माहिती देणारी व्यक्ती, डेटातला एक मुद्दा) मोजू का?

मुलाने फक्त भाषांतर केलं असेल तर नाही. पेशंट गोंधळलेला आहे, डिमेन्शिया आहे, शुद्धीत नाही, म्हणून मुलाकडून माहिती घ्यावी लागली, तर हो. नोटमध्ये ते कारण यायला हवं. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आजी-आजोबांच्या चार्टमध्येही हा प्रश्न असाच येतो, आणि उत्तर हेच.

९. आयव्ही औषध चालू असेल तर रिस्क हाय ना?

आयव्ही आहे एवढ्यावर नाही. आयव्ही अँटिबायोटिक चालू ठेवलं, तर सहसा औषधोपचाराची मॉडरेट रिस्क. मॉर्फिनसारखं कंट्रोल्ड औषध सुईवाटे द्यायचा निर्णय मात्र २०२३ पासून हाय रिस्कच्या उदाहरणांत आलाय.

दुसरी गफलत हाय रिस्कच्याच यादीतल्या 'विषबाधेसाठी काटेकोर मॉनिटरिंग'ची. त्यात औषधाच्या दुष्परिणामासाठी केलेली टेस्ट बसते, औषध लागू पडतंय का हे बघणारी नाही. केमोथेरपीच्या दोन सायकलींमध्ये पेशी घटल्या का हे बघायला सीबीसी करणं बसतं. इन्शुलिनवर असताना शुगर बघणं बसत नाही, दिवसातून सहा वेळा बघितली तरी. आणि औषधांची नुसती यादी म्हणजे औषधोपचाराचा निर्णय नव्हे, कशाचा तरी विचार झालेला दिसला पाहिजे.

१०. वेळेवरून कोड कधी लावायचा? जुन्या चार्टमध्ये १५, २५, ३५ मिनिटं दिसतात.

ते आकडे २०२२ पर्यंतचे, आणि तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ समुपदेशनात गेलेला लागायचा. आता ९९२३१ ला २५ मिनिटं, ९९२३२ ला ३५, ९९२३३ ला ५०. एवढी पूर्ण व्हायला हवीत. ४९ मिनिटं म्हणजे ९९२३२.

डॉक्टरांनी त्या तारखेला त्या पेशंटसाठी दिलेला सगळा वेळ धरतात: चार्ट वाचणं, तपासणं, नातेवाइकांशी बोलणं, दुसऱ्या डॉक्टरांना फोन, नोट लिहिणं. नर्सचा वेळ, प्रवास, विद्यार्थ्यांना शिकवणं, आणि ज्याचं वेगळं बिल लावलंय ते काम वगळायचं. व्हिजिट रात्री साडेअकराला सुरू होऊन सलग साडेबारापर्यंत चालली, तर सगळा वेळ एकाच तारखेला धरता येतो.

वेळ खूपच जास्त असेल, तर सीपीटीप्रमाणे ९९२३३ च्या पुढे पूर्ण १५ मिनिटं झाल्यावर, म्हणजे ६५ व्या मिनिटाला, ९९४१८ जोडता येतो, पण लेव्हल वेळेवरून काढली असेल तरच. मेडिकेअर ९९४१८ घेत नाही. त्यांचा जी०३१६ आहे आणि त्याचे नियम त्यांच्याच तक्त्यात बघायचे.

११. पेशंट ऑब्झर्व्हेशनमध्ये (ॲडमिट करायचं की नाही हे ठरेपर्यंत निरीक्षणाखाली) आहे. ९९२२४ सापडत नाही.

तो २०२३ पासून रद्द झाला. ऑब्झर्व्हेशनचे ९९२१७ ते ९९२२० आणि ९९२२४ ते ९९२२६ सगळे गेले. आता ऑब्झर्व्हेशन असो वा इनपेशंट, फॉलो-अपला ९९२३१ ते ९९२३३ च. बदलतो तो प्लेस ऑफ सर्व्हिस (सेवा कुठे दिली याचा कोड). इनपेशंटला २१, तर मेडिकेअरच्या लेखी ऑब्झर्व्हेशनचा पेशंट आउटपेशंट, म्हणून सहसा २२. हा चुकला की कोड बरोबर असूनही क्लेम परत येतो.

तिसऱ्या दिवशी ऑब्झर्व्हेशनवरून इनपेशंट केलं, तर नवीन स्टे धरू नका. पुन्हा इनिशियल कोड लागत नाही, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. ॲडमिट होऊनही बेडअभावी इमर्जन्सीतच पडून असलेल्या पेशंटलाही हेच लागू.

१२. एका दिवसात दोन व्हिजिट झाल्या, किंवा दोन डॉक्टरांनी पाहिलं. दोन कोड?

एकाच ग्रुपची, एकाच स्पेशालिटीची मंडळी असतील तर दिवसाला एकच कोड. सकाळ-संध्याकाळच्या नोटा एकत्र वाचून त्या दिवसाची एक लेव्हल काढा. वेगळ्या स्पेशालिटीचे असतील, तर प्रत्येकाचा आपापला कोड. प्रत्येकाच्या क्लेमवर तो ज्याच्यावर उपचार करतोय तेच निदान पहिलं ठेवा. कार्डिओलॉजिस्ट आणि हॉस्पिटलिस्ट दोघांच्याही क्लेमवर पहिलं निदान हार्ट फेल्युअरच गेलं, तर एकाचा डिनायल (क्लेम नाकारल्याचं उत्तर) येण्याची तयारी ठेवा.

एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) आणि डॉक्टर दोघांनी मिळून एक व्हिजिट केली असेल, तर ती स्प्लिट व्हिजिट. मेडिकेअरच्या २०२४ पासूनच्या नियमाने, अर्ध्याहून जास्त वेळ किंवा निर्णयाचा मुख्य भाग ज्याचा, बिल त्याच्या नावावर, 'एफएस' मॉडिफायरसह. एनपीच्या नावावर बिल गेलं तर मेडिकेअर डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं, म्हणून क्लायंटचा आग्रह डॉक्टरांच्या नावाचा असतो. आग्रहावर नाही, नोटवर जा. क्लिनिकमधलं 'इन्सिडेंट टू' (एनपी-पीएचं काम डॉक्टरांच्या नावावर बिल करणं) हॉस्पिटलमध्ये चालत नाही.

रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) नोटखाली सीनियर डॉक्टरांनी फक्त 'वरील मताशी सहमत' लिहिलं असेल, तर त्यावर बिल होत नाही. महत्त्वाच्या भागाला ते स्वतः हजर होते आणि उपचारात त्यांचा सहभाग होता हे दिसायला हवं. मग 'जीसी' मॉडिफायर. वेळेवरून कोड लावताना रेसिडेंटची मिनिटं मोजायची नाहीत.

१३. सकाळी साधी व्हिजिट, दुपारी पेशंट कोसळला आणि क्रिटिकल केअर दिली. दोन्ही लावू?

मेडिकेअरला लावता येतात, सकाळी पेशंटला क्रिटिकल केअरची गरज नव्हती आणि दोन्ही कामं खरोखर वेगळी होती हे नोटवरून स्पष्ट असेल तर. व्हिजिटच्या कोडला २५ मॉडिफायर. क्रिटिकल केअर ३० मिनिटांपेक्षा कमी असेल, तर तिचा कोड ९९२९१ नाही. मग सगळं ९९२३१ ते ९९२३३ मध्येच.

१४. ऑपरेशननंतर सर्जन रोज बघतात. त्याचे कोड का जात नाहीत?

मोठ्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये ९० दिवसांचा फॉलो-अप आधीच धरलेला असतो. खुब्याचं हाड बसवल्यावर ऑर्थोपेडिक सर्जनच्या रोजच्या भेटीचं वेगळं बिल नाही, नोंद ठेवायची तर ९९०२४. त्याच पेशंटची शुगर सांभाळणाऱ्या हॉस्पिटलिस्टला ९९२३२ बेलाशक लावा. ते पॅकेज सर्जनचं आहे. सर्जनने ऑपरेशनशी संबंध नसलेलं काही पाहिलं, तर मॉडिफायर २४. जखमेत संसर्ग झाला पण पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं नाही, तर मेडिकेअर तेही पॅकेजमध्येच धरतं.

१५. डिस्चार्जच्या दिवशी कन्सल्टंटनेही पाहिलं. त्यालाही ९९२३८?

नाही. डिस्चार्जचा कोड मुख्य डॉक्टरांचा, बाकीच्यांना नेहमीचे फॉलो-अप कोड. ९९२३९ साठी ३० मिनिटांहून जास्त वेळ लिहिलेला हवाच, नसेल तर ९९२३८. पेशंट दुसऱ्या दिवशी बाहेर पडला, तरी तारीख डॉक्टरांनी डिस्चार्जसाठी प्रत्यक्ष पाहिलं त्या दिवसाची.

१६. नवजात बाळाला हेच कोड लागतात का?

बाळ निरोगी असेल तर रोजच्या व्हिजिटला ९९४६२. आजारी आहे पण क्रिटिकल किंवा इन्टेन्सिव्ह केअरची गरज नाही, तर ९९२३१ ते ९९२३३. इन्टेन्सिव्ह केअरमधल्या बाळाला वजनानुसार ९९४७८ ते ९९४८०, आणि वजन रोजच्या नोटमधलं घ्यायचं. क्रिटिकल असेल तर ९९४६९.

१७. आईबाबा अमेरिकेत ॲडमिट झाले होते. हॉस्पिटलचं बिल भरलं, तरी डॉक्टरांची वेगळी बिलं येतायत. फसवणूक आहे का?

आपल्याकडे डॉक्टरांच्या राउंडचे पैसे बहुधा हॉस्पिटलच्याच बिलात, त्यांच्या दरपत्रकाप्रमाणे येतात, म्हणून हा धक्का बसतो. तिकडे प्रत्येक ग्रुप आपलं बिल स्वतः पाठवतो. बिलाचा तारीखवार तपशील मागा. एका ग्रुपमधल्या एका स्पेशालिटीचा एका दिवशी एकच ९९२३ ने सुरू होणारा कोड आहे ना, आईबाबा त्या तारखेला तिथे होते ना, हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. शंका आली तर त्या तारखेची नोट मागायचा पेशंटला हक्क आहे.

१८. चार दिवस एकच नोट कॉपी केलीय. आणि शंका आली की खालचा कोड लावणं सुरक्षित ना?

चौथ्या दिवशीच्या नोटमध्ये 'सेफ्ट्रायॅक्सोन, पहिला दिवस' दिसलं की कालची नोट शेजारी उघडा. आज नवं काय आहे तेवढ्यावरच लेव्हल काढा.

पण काम झालंय आणि लिहिलेलंही आहे, तर भीतीपोटी ९९२३१ लावणं हीसुद्धा चूकच. वरचा कोड लावला तर मेडिकेअरच्या पेशंटच्या खिशातून जास्त पैसे जातात, कारण पार्ट बीमध्ये (मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या फीच्या भागात) २० टक्के सहसा त्याचे असतात. खालचा लावला तर केलेल्या कामाचा मोबदला बुडतो आणि पेशंट होता त्यापेक्षा बरा होता असं रेकॉर्ड तयार होतं. दोन्ही टाळायचा मार्ग क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा. फक्त तिच्यात उत्तर सुचवायचं नाही. 'ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर लिहाल का?' अशी क्वेरी पाठवू नका. अशी लिहा: '१२ तारखेला ऑक्सिजन ८६ टक्के, श्वासाचा वेग ३०, हाय-फ्लो ऑक्सिजन सुरू. या उपचारामागचं निदान आपल्या वैद्यकीय मतानुसार कृपया नोंदवावं.' उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवा, प्रोडक्शनचा आकडा त्या दिवशी कमी दिसला तरी.